शेजारच्या खोलीचा पत्ता

मुख्य कार्यालय
११ जानेवारी

ती. मामा,

सोमवारची थैली तुमच्या शाखेकडे निघायला अर्धा तास आहे, म्हणून घाईत लिहिते. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही 'हं' आणि 'बरं' यांच्या पुढे सरकत नाही. आणि ऑफिसच्या मेलवर घरचं लिहायचं नाही, हा नियम तुमचाच. तेव्हा रक्ताच्या रिपोर्टांच्या गठ्ठ्यात हे पाकीट खुपसते आहे.

बातमी अशी की आपल्या चौदाही दवाखान्यांतले नावांचे सर्व्हर काढून टाकायचं ठरलंय. वरून आलंय. सध्या प्रत्येक शाखेत एकेक पेटी, प्रत्येकीचे नखरे वेगळे, कुठे काय नोंदलंय याचा कुणाला थांगपत्ता नाही. त्याऐवजी इथे दोन मोठे सर्व्हर बसवलेत. यापुढे सगळ्या शाखांचे संगणक नावं इथेच विचारतील. एक जागा, एक वही.

म्हणजे तुमच्या कोपऱ्यातली पेटीही जाणार. वाईट वाटेल, ठाऊक आहे मला. अकरा वर्षं सांभाळलीत. मामी म्हणते ना, ह्यांना दोन भाच्या, एक हाडामांसाची, एक पत्र्याची. पण मी काय करणार? ठरवणारे वेगळे, माझ्याकडे फक्त करून घ्यायचं काम.

मामीच्या गुडघ्याचं काय? गोळ्या घेते का, की नुसत्या डबीत ठेवते?

तुमची,
खारू


शाखा दवाखाना
१४ जानेवारी

चि. खारू, आशीर्वाद.

पाकीट रिपोर्टांतच सापडलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मामा, तुमची साखर किती आली?" म्हटलं, गोडच आलीय.

मामी गोळ्या डबीत ठेवते. तुला कसं कळलं?

आता पेटीचं. पत्र्यावर जीव लावायचं माझं वय नाही, तेव्हा ते सोड. आमच्याकडे नवीन डॉक्टरीणबाई आल्यात, वयाने तुझ्याहून लहान. परवा त्यांनी विचारलं, "मामा, हे कोपऱ्यात दिवे लुकलुकतात ते काय?" (सगळी शाखा मला मामाच म्हणते. तुझी मक्तेदारी कधीच संपली.) म्हटलं, "बाई, संगणकाला नावं कळत नाहीत, आकडे कळतात. तुम्ही पेशंटच्या जुन्या नोंदी उघडायला जाता, तेव्हा तुमचा संगणक आधी ह्या पेटीला विचारतो की नोंदींचं मशीन कुठे राहतं? पेटी त्याला आकडा सांगते, मग तो तिकडे जातो." त्या म्हणाल्या, "पण नोंदींचं मशीन तर शेजारच्या खोलीत आहे!" म्हटलं, "असेना. त्याला डोळे थोडेच आहेत? विचारल्याशिवाय त्याला शेजारघरसुद्धा सापडत नाही."

तर माझा प्रश्न एवढाच. उद्यापासून हे विचारणं दीडशे किलोमीटर लांब तुझ्याकडे येणार. येऊ दे. पण आमच्या रस्त्याला खणण्याचा रोग आहे. पाणीवाला खणतो, बुजवतो, की वीजवाला खणायला हजर. गेल्या वर्षी बाहेरची लाइन नऊ वेळा तुटली. नऊच्या नऊ वेळा इथे नोंदी उघडत होत्या, कारण विचारायला घराबाहेर जावं लागत नव्हतं. पेटी गेल्यावर लाइन तुटली, तर शेजारच्या खोलीचा पत्ता कुणाला विचारायचा? कागदाच्या फायली तर दोन वर्षांपूर्वीच गोदामात गेल्या.

लाइन काढून बघितलंय का कुणी?

तुझा,
मामा


मुख्य कार्यालय
२५ जानेवारी

ती. मामा,

तुमचा प्रश्न रास्त आहे, पण त्याची काळजी करू नका. मी बघितलंय सगळं. तुमच्या शाखेला एप्रिलमध्ये दुसरी लाइन मिळतेय, वेगळ्या रस्त्याने. एक तुटली तर दुसरी. दोन्ही एकदम तुटायला तुमच्या खणणाऱ्यांना नशीबच लागेल.

आता अडचण माझी आहे. या बदलाचे तेरा शाखांचे फॉर्म आले, फक्त तुमचा राहिलाय. सातव्या रकान्यात 'बाहेरची लाइन बंद ठेवून चाचणी केली' असं लिहून सही हवी. दुसरी लाइन आली की चाचणी होणारच आहे, तेव्हा आज लिहिलं काय आणि एप्रिलमध्ये लिहिलं काय. दहा तारखेच्या आत सगळं पूर्ण झालं तर ते मोठ्या साहेबांपर्यंत जाईल. या कामाला माझं नाव जोडलं गेलंय, मामा. आपल्याच मामाच्या शाखेसाठी अडलं, असं नको ना व्हायला. लोक हसतील.

एवढं कराच.

तुमची,
खारू


शाखा दवाखाना
४ फेब्रुवारी

चि. खारू, आशीर्वाद.

फॉर्म सोबत आहे. तू सांगतेस म्हणून सातव्या रकान्यात 'चाचणी केली' असं लिहून सही ठोकली. ती चाचणी मी केलेली नाही, हे तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. दुसरी लाइन येईपर्यंत आपल्या दोघांतच राहू दे.

मनात होतं, एप्रिलपर्यंत पेटी चालूच ठेवावी, कुणाला सांगू नये. पण काल तुमची गाडी आली आणि घेऊन गेली. पावती दिली. जाग्यावर भिंतीचा रंग चौकोनी उजळ दिसतो, तिथे सिस्टरांनी औषधांचं कॅलेंडर लावलंय.

काल पहिल्यांदा नोंदी उघडायला जरा वेळ लागला. आज ठीक आहे. तुझ्या कामाला यश येवो.

मामा


मुख्य कार्यालय
१५ फेब्रुवारी

ती. मामा,

झालं! चौदाच्या चौदा. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आता एक गोष्ट सांगते, रागवू नका. हे वरून आलेलं नव्हतं. कल्पना माझीच. गेल्या वर्षी मीच लिहून दिलं होतं. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही प्रश्न विचारले असते, आणि तुमच्या प्रश्नांपुढे मी अजून सातवीतली होते हो. बाबा गेल्यावर तुम्ही मला घरी नेलंत, सर्किटची पाटी हातात दिलीत आणि म्हणालात, रडू आलं की हिच्यातली चूक शोध. मी अजूनही तेच करते.

३ मार्चला दुपारी इथल्या मोठ्या सभागृहात समारंभ आहे. मला बोलायचं आहे. तुम्ही यायचंच, आणि पहिल्या रांगेत बसायचं. रजेची चिठ्ठी मीच तुमच्या प्रमुखांना पाठवलीय. नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही.

तुमची,
खारू


मुख्य कार्यालय
८ मार्च

ती. मामा,

लिहू की नको, असं चार दिवस चाललंय.

मी बोलत होते. तुमच्याकडे बघूनच बोलत होते, कारण बाकीच्या चेहऱ्यांची भीती वाटत होती. आणि तुम्ही खिशातून फोन काढलात, बघितलात आणि उठून बाहेर गेलात. पहिल्या रांगेतून. पुढचं वाक्य तुमच्याबद्दलच होतं, ते मी गिळलं. संपल्यावर तुम्हाला शोधत बाहेर आले, तर तुम्ही जिन्याशी उभे. "अंग मोडून आलंय, निघतो," म्हणालात. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. जेवायला टेबल सांगून ठेवलं होतं मी.

पेटीचा राग आहे ना मनात? मग तसं तोंडावर बोलायचं. एवढ्या लांब येऊन मला असं उघडं पाडायला नको होतं.

खारू


शाखा दवाखाना
१८ मार्च

चि. खारू, आशीर्वाद.

तू छान बोललीस. जेवढं ऐकलं तेवढं.

राग कसला? खरंच बरं वाटत नव्हतं. इथे एक पेशंट दगावली, त्यात दोन आठवडे गेले. तू मनाला लावून घेऊ नकोस.

एक कर. माझं ४ फेब्रुवारीचं पत्र तुझ्याकडे असेल तर फाडून टाक. तुझं त्याआधीचं मी फाडलंय. घरचं घरात राहिलेलं बरं.

मामीचा गुडघा ठीक.

मामा


मुख्य कार्यालय
२९ मार्च

मामा,

आज चौकशी समितीचा कागद माझ्या टेबलावर आला. विषय, तुमची शाखा, ३ मार्च, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा मृत्यू. खाली तुमचा जबाब. 'चाचणी न करता केली असे लिहिले. मला तसे कोणी सांगितले नव्हते. चूक सर्वस्वी माझी.'

तीनदा वाचला.

तीन मार्च. तुम्ही उठून गेलात म्हणून मी रागावले. मी तुम्हाला काय काय लिहिलं, मामा!

काय झालं ते मला सांगा. समितीला सांगितलंत तसं नको. सगळं, पहिल्यापासून.

खारू


शाखा दवाखाना
१ एप्रिल

चि. खारू,

सांगतो. तू विचारलंस म्हणून.

त्या दिवशी सकाळच्या गाडीने मी निघालो. निघताना डॉक्टरीणबाईंना म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. साडेबाराच्या सुमाराला खणणाऱ्यांनी लाइन तोडली. कुणाला काही वाटलं नाही, इथे तुटतच असते.

दीड वाजता त्या शिवणकामवाल्या बाईंना आणलं. तू त्यांना पाहिलेलं नाहीस. दवाखान्याचे पडदे त्यांच्याच हातचे. माप घ्यायला येत तेव्हा टेप गळ्यात आणि टाचण्या ओठांत, त्यामुळे सगळी बोलणी 'ऊं' आणि 'ऊंहूं'त. आम्ही हसायचो. पायाला कात्री लागली होती, जखमेत पू झाला, आणि चार दिवस अंगावर काढलं. नवरा ट्रकवर असतो, तो फेरीवर होता. शेजारणीने गाडीत घालून आणलं. बाई तापात बरळत होत्या, रक्तदाब उतरत चाललेला. डॉक्टरीणबाईंनी शेजारणीला विचारलं, ह्यांना कुठलं औषध चालत नाही का? तिला काय माहीत! मोठ्या सिस्टरांना माहीत होतं, पण त्या रजेवर, फोनही लागेना. धाकट्या सिस्टर नोंदी उघडायला बसल्या. पडद्यावर यायचं, 'नाव सापडत नाही.' पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेजारच्या खोलीतलं मशीन चालू होतं, खारू. दिवे लागलेले होते. त्यात बाईंची सगळी माहिती होती. पण तिथे जायचं कसं, ते सांगणारं इथे कुणी नव्हतं, आणि तुझ्यापर्यंत जाणारी लाइन खड्ड्यात पडली होती.

त्यांनी मला फोन लावला. एकदा नाही, अकरा वेळा. सभागृहात फोनचा आवाज बंद ठेवायला सांगितला होता, मी शहाण्यासारखा बंद केला. बाराव्या वेळी मांडीला थरथर जाणवली.

बाहेर येऊन बोललो. धाकट्या सिस्टरांचा आवाज असा होता की मी काही विचारलं नाही. म्हटलं, नावाच्या जागी मी सांगतो ते आकडे घाला. दहा, टिंब, चौदा, टिंब, दोन, टिंब, पाच. मागे दाराआड तुला टाळ्या पडत होत्या. मला दोन आकडे पुन्हा सांगावे लागले. मग त्या म्हणाल्या, "उघडलं मामा." मग म्हणाल्या, "लाल अक्षरांत आहे. पेनिसिलिन देऊ नये." आणि मग, "दहा मिनिटांपूर्वी दिलं हो."

पुढे जे करायचं ते डॉक्टरीणबाईंनी सगळं केलं. पावणेतीनला बाई गेल्या. मी तेव्हा तुझ्या जिन्याशी उभा होतो. तू हसत येत होतीस, हातात फुलं होती. तुझ्याकडे बघवेना, ते एवढ्यासाठी.

ते आकडे मला पाठ होते. अकरा वर्षांत मी ते एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवले असते, तर बाई आज शिवणाच्या मशीनवर बसलेल्या असत्या. हा दोष माझा स्वतःचा, त्यात तुझा वाटा नाही. आणि सहीही माझीच. मला कुणी हात धरून लिहायला लावलं नव्हतं.

म्हणून आता ऐक. माझ्या नोकरीचे चारच महिने राहिलेत. तुझी वीस-बावीस वर्षं आहेत. तू गप्प बस. कागद माझ्यापाशी थांबलाय, तो तिथेच थांबू दे. तुझ्या आईला मी शब्द दिला होता की पोरीला सांभाळीन. तो मोडायला लावू नकोस.

मामा


मुख्य कार्यालय
५ एप्रिल

ती. मामा,

तुमचं ४ फेब्रुवारीचं पत्र मी फाडलं नव्हतं. आज सकाळी ते समितीला दिलं. माझ्या २५ जानेवारीच्या पत्रात काय होतं, ते आठवेल तसं लिहून खाली सही केली. 'मी बघितलंय सगळं' हे वाक्यही लिहिलं. मी काहीच बघितलं नव्हतं. जिथे आधीपासून दोन लाइन होत्या अशा एकाच शाखेत करून पाहिलं, आणि चौदांना पुरेल असं मानलं.

तुम्ही म्हणालात, घरचं घरात राहू दे. त्या बाईही कुणाच्या तरी घरच्याच होत्या ना?

तुम्ही रागवाल. रागवा. पण माझी चूक तुमच्या नावावर टाकून निवांत निजायचं, हे मला नाही जमणार.

खारू


मुख्य कार्यालय
३ मे

ती. मामा,

चार थैल्या आल्या. चारही मी स्वतः उघडल्या, रिपोर्ट एकेक करून झटकले. तुमचं काही नाही. फोन मामी उचलते, "ते बाहेर गेलेत," म्हणते, आणि मागे तुमचा खोकला ऐकू येतो.

निकाल तुम्हाला कळला असेल, तरी माझ्या हाताने लिहिते. समिती म्हणाली, सही ती सही. तुम्हाला आजपासूनच घरी बसवलंय. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की तुम्ही सुटाल. तुम्ही सुटला नाहीत, फक्त एकाच्या जागी दोघं बुडालो. माझी जागा काढून घेतली, नुसती नोकरी ठेवली. त्याचं मला काही नाही. डॉक्टरीणबाईंवर ठपका नाही.

आणि चौदाही शाखांत पेट्या परत बसवायच्या आहेत. ते काम कुणी घ्यायला तयार नव्हतं. मी मागून घेतलं. एकेक शाखा करत फिरणार. तुमची शाखा यादीत पहिली होती, मी ती शेवटी टाकली. खोटं सांगत नाही, धीर होत नाही.

उद्यापासून तुम्हाला थैली नाही. यापुढे साध्या टपालाने लिहीन. उत्तर नाही दिलंत तरी लिहीन.

तुमची,
खारू


शाखा दवाखाना
२२ जून, दुपार

ती. मामा,

हे तुमच्याच टेबलावरून लिहिते आहे. खुर्चीचा डावा पाय आखूड आहे, तुम्ही त्याखाली घडी घातलेला पुठ्ठा कुणी काढलेला नाही.

तेरा शाखा झाल्या, आजची चौदावी. प्रत्येक ठिकाणी पेटी बसवते, मग बाहेरच्या लाइनची वायर स्वतःच्या हाताने उपसते, आणि तिथल्या सिस्टरांना म्हणते, आता नोंदी उघडा. उघडतात. मग पेटीचीही वायर काढते आणि म्हणते, आता भिंतीवरच्या कागदावरचे आकडे घालून उघडा. तेही उघडतं. तो कागद प्रत्येक खोलीत लावलाय, मोठ्या अक्षरांत. अर्ध्या दिवसाचं काम. तेव्हा केलं असतं तर अर्धाच दिवस लागला असता, मामा. हे मी तेरा ठिकाणी तेरा वेळा मोजलंय.

इथे डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. हक्कच आहे त्यांचा. आता त्या प्रत्येक पेशंटला औषधाचं दोनदा विचारतात, आणि उत्तर मिळालं तरी पडद्यावर बघितल्याशिवाय सुईला हात लावत नाहीत. मी वायर उपसली तेव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या. नोंद उघडली. त्यांनी डोळे मिटले. जाताना म्हणाल्या, "मामांना सांगा, मी नोकरी सोडणार होते. त्यांनीच इथे येऊन मला थांबवलं." तुम्ही मला हे सांगितलं नाहीत. त्यांना धीर द्यायला तुम्ही आलात, आणि मला चार ओळी नाहीत.

चुकलं, असं लिहायला नको होतं. पण खोडत नाही.

काम दोनला संपलं. मी तुमच्या घराकडे निघाले. वळणापर्यंत आले, तिथून तुमचं फाटक दिसतं. पाच मिनिटं उभी राहिले आणि परत फिरले. तुमच्यासमोर उभं राहून काय बोलायचं, ते तीन महिने शोधतेय. सापडत नाही.

हे पत्र रखवालदारांपाशी ठेवते. परवा सकाळच्या गाडीने परत जाईन. तोवर स्टेशनाजवळच्या लॉजवर आहे.

तुमची,
खारू


घर
२२ जून, संध्याकाळ

चि. खारू, आशीर्वाद.

पत्र साडेपाचला मिळालं. पण तू वळणावरून परत गेलीस, हे मला त्याआधीच माहीत होतं. मामी खिडकीशी होती. "आली हो," म्हणाली, आणि आत जाऊन ताट घेतलं. मग पुन्हा खिडकीशी आली. ताट झाकून ठेवलं. आम्हीही दोघं जेवलो नाही.

एप्रिलमध्ये तुझा फार राग आला होता. तुला वाचवणं एवढं एकच काम माझ्या हातात उरलं होतं, तेही तू काढून घेतलंस, असं वाटलं. तुझी पत्रं आली की मामीला म्हणायचो, वाच. ती वाचायची, मी भिंतीकडे तोंड करून ऐकायचो. मग लिहायला बसलो की दुसऱ्या ओळीपाशी हात थांबायचा. त्यात फुशारकी होती, ते आता कळतं. सगळं पाप मी एकट्याने अंगावर घेतलं की मी मोठा. तू खरं बोललीस आणि मला माझ्या मापाचा केलंस.

आता एक सांगायचं आहे, ते अजून मामीलाही सांगितलेलं नाही.

मे महिन्यात मी त्या बाईंच्या घरी गेलो होतो. नवरा घरी होता. उंच माणूस, पण दारातून बाहेर येताना वाकलेला वाटला. मशीनवर एक अर्धा शिवलेला सदरा तसाच होता, सुई कापडात. मी सगळं सांगितलं. पेटी काय असते ते सांगितलं, लाइन, सही, सगळं. त्याने मधे एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, "ती माहिती कुठे होती म्हणालात?"

म्हटलं, "शेजारच्या खोलीत."

"मधे काय होतं?"

"भिंत."

"एकच?"

"एकच."

त्याने मशीनवरचा सदरा सारखा केला. मग म्हणाला, "मी त्या दिवशी सातशे किलोमीटरवर होतो. मला वाटायचं, मीच लांब होतो."

मी उठायला लागलो तर त्याने विचारलं, "ती पेटी काढा, असं सांगितलं कुणी?" मी म्हटलं, "ऑफिसने." तो म्हणाला, "ऑफिसला तोंड असेल ना एखादं?" खारू, मी खाली बघत राहिलो. तुझं नाव घेतलं नाही. समितीसमोर तू स्वतः उभी राहिलीस, हे मला माहीत होतं, तरी त्या दारात मी पुन्हा तुला लपवलं. त्याने ओळखलं असावं. दार लावताना म्हणाला, "निम्मंच सांगितलंत तुम्ही."

तेव्हापासून मला झोप लागत नाही, आणि मामीला वाटतं नोकरी गेली म्हणून.

माझ्यासमोर काय बोलायचं ते शोधत बसू नकोस. माझ्याशी काही बोलायचं राहिलेलं नाही. तू माझी आहेस, तो हिशोब कधीचा मिटलाय. बोलायचं आहे ते त्या घरी. बाईंचे यजमान गुरुवारी पुन्हा फेरीवर निघतील, उद्या दिवसभर घरी आहेत, मी चौकशी केलीय. ते ओरडतील, हाकलून देतील, किंवा ऐकून घेतील. काय होईल सांगता येत नाही. माफ करतील अशी आशा धरून येऊ नकोस.

सकाळी नऊला आमच्याकडे ये. चहा घे, मामीजवळ जरा बस, तिला खूप बरं वाटेल. मग आपण दोघं चालत जाऊ. दार मी वाजवीन. नाव तू सांग.

तुझा,
मामा